कांदळीची लेकरं

एक होतं बेट. कसं होतं? समुद्राच्या मांडीवर बसलेल्या पोरासारखं, एवढंसं. त्यावर एक गाव, आणि गावात गोड्या पाण्याची एकच विहीर. चारी बाजूंना खारं आणि मधोमध गोड, देवीची कृपाच म्हणायची, बरं का.

पण समुद्र दर उधाणाला बेटाचा एकेक घास घ्यायचा. आधी वाळू गेली. मग बांध गेला. मग लाटा विहिरीच्या वाटेपर्यंत येऊ लागल्या. जाणती माणसं म्हणाली, विहिरीत खारं पाणी शिरलं की देव उचलायचे आणि बेट सोडायचं. दुसरा उपाय नाही.

त्या गावात येसू नावाची सून नव्यानेच नांदायला आली होती. नवरा मचव्यावर मासेमारीला जायचा. घरात ती आणि तिची सासू भागाबाई. येसूचं लग्न झालं आणि त्याच वर्षी बांध फुटला. मग काय, विहिरीवर बायकांच्या तोंडी तोच विषय. एक म्हणाली, "भागाबाई, तुमची सून माप ओलांडून आली, नि मागोमाग समुद्रही आला हो." सगळ्या हसल्या. भागाबाई हसली नाही, पण सुनेची बाजूही घेतली नाही. तेच येसूला जास्त लागलं.

मग येसू काय करते? काठावरच्या देवीच्या देवळात जाते. हळदकुंकू वाहते, हात जोडते आणि म्हणते, "आई, हे संकट माझ्या पायानं आलं असेल, तर माझ्या हातानं जाऊ दे. काय व्रत सांगशील ते करीन."

बाहेर येते तो पायरीवर एक म्हातारी बसलेली. भोवती सगळा चिखल, पण तिच्या पावलांचा ठसा कुठे नाही. म्हातारी म्हणाली, काठाला झाडं लाव, ती विहीर राखतील. येसूने विचारलं, कोणती लावू? म्हातारी म्हणाली, लावून बघ म्हणजे कळेल.

मग येसूने केळ लावली. केळ शुभ, देवाच्या चौरंगाला बांधतात ती. पण भरतीचं पाणी मुळाशी आलं आणि केळीची पानं कडेने करपत गेली. केळीला मीठ सोसेना.

मग येसूने माड लावला. माडाला खाऱ्या वाऱ्याची भीती नसते. रोप तरारलं. पण पायाखाली नुसता चिखल, मुळांना धरायला काही नाही. उधाण आलं आणि रोप आडवं झालं.

येसू पुन्हा देवळात गेली. म्हातारी तिथेच होती. म्हणाली, "अगं, ज्या आईने पाय फुटेपर्यंत लेकराला कडेवरून उतरवलं नाही, तिचं लेकरू माग."

अशी आई कोण? येसू विचार करत होडीत बसली आणि खाडीपलीकडे गेली. तिथे चिखलात कांदळीचं झाड उभं होतं. बाकीची झाडं बी टाकून मोकळी होतात. या झाडाचं तसं नाही, बरं का. याचं बी फांदीवरच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखं हिरवं लेकरू आईच्या अंगावर वाढतं, आणि स्वतःच्या पायावर उभं राहण्याजोगं झालं की मगच खाली उतरतं. का? तर खाली खारट चिखल. तान्ह्याचा तिथे निभाव कसा लागावा?

येसूने एकही शेंग तोडली नाही. पदर पसरून उभी राहिली. म्हणाली, "बाई, तयार झाली असतील तेवढीच दे." झाडाने एकेक लेकरू पदरात टाकलं.

ती ओटी घेऊन येसू परतली. वाटेत म्हातारीने तिला वसा सांगितला. रोज ओहोटीला रोपांजवळ जायचं, घटकाभर बसायचं. पण पाणी घालायचं नाही, खत घालायचं नाही, माती लावायची नाही. सेवा नाही, नुसती सोबत. येसूने लेकरं काठाच्या चिखलात रोवली. तिला वाटलं, हे तर सोपं. पण दिवसभर हात चालवणाऱ्या बाईला हात मांडीवर ठेवून बसणं फार कठीण, बाळांनो. तरी तिने वसा टाकला नाही.

वर्षं गेली. रोपांची झाडं झाली. खोडांना बाजूने मुळं फुटली आणि खेकड्याच्या पायांसारखी वाकून चिखलात उतरली. लाटांचा जोर ओसरू लागला. विहिरीवरच्या बायका गप्प झाल्या.

मग एकदा येसू तापाने अंथरुणाला खिळली. थोडं बरं वाटल्यावर काठीच्या आधाराने काठावर गेली. बघते तर झाडांची पानं पिवळी, शेंडे माना टाकलेले. आणि मोठं उधाण तोंडावर आलेलं. तिने खोडाला कान लावला. आतून अगदी बारीक आवाज आला, "बाई गं, श्वास घेऊ दे."

तिने खाली पाहिलं. मुळांचे गुडघे दिसेनात. सगळे चिखलाखाली गाडलेले. चिखलाच्या आत हवा नसते. म्हणून ही झाडं मुळं वर काढून श्वास घेतात. तुम्ही नाही का पांघरूण नाकावरून घेतलं की गुदमरता? तसंच.

मागे भागाबाई उभी होती. हातात रिकामी पाटी. म्हणाली, "मी झाकली गं. तू आजारी, म्हटलं तुझ्याऐवजी मी जावं. मुळं अशी उघडी दिसली, मला राहवलं नाही. तुझ्यासाठी आजवर काहीच केलं नव्हतं मी."

येसूला राग यायला हवा होता. आला नाही. सासूचे चिखलाने भरलेले हात पाहून तिचेच डोळे भरले. म्हणाली, "आत्याबाई, मायेनंच केलंत. पण वसा काय होता ते मीही तुम्हाला कधी सांगितलं नाही. चला, दोघी मिळून उघडू."

दोघी गुडघ्यांवर बसल्या आणि हातांनी चिखल ओढू लागल्या. विहिरीवरच्या बायकांनी पाहिलं. टोमणा मारणारी सगळ्यांत आधी धावली. तिन्हीसांजेपर्यंत मुळं मोकळी झाली. मग भरती आली, ओहोटी आली, आणि हळूहळू शेंड्यांनी माना उचलल्या.

पौर्णिमेला उधाण आलं. असं उधाण कुणी पाहिलं नव्हतं. लाटा डोंगराएवढ्या. पण त्या कांदळीच्या पायांत शिरल्या आणि अडकल्या. या पायातून त्या पायात, त्यातून पुढच्या पायात, दमत दमत वाटेपर्यंत आल्या आणि तिथूनच परत फिरल्या. झाडं हलली, पण एकही पडलं नाही.

सकाळी सगळं गाव विहिरीवर जमलं. पाणी चाखायला कुणी पुढे होईना. मग भागाबाईने कळशी सोडली, पाणी ओढलं, ओंजळीत घेतलं. सगळ्यांचे डोळे तिच्या ओठांकडे. तिने एक घोट घेतला. मग येसूपुढे ओंजळ धरून म्हणाली, "गोड आहे. घे, पी."

देव देवळात राहिले, माणसं घरात राहिली. येसू आणि तिची सासू सुखाने नांदल्या. देवी त्यांना पावली, तशी तुम्हा-आम्हाला पावो. चला, दिवा बारीक करते. मिटा डोळे, बाळांनो.