ओले पंख

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंच्या परसात घंगाळभर पाणी ठेवून पाखरांची वाट पाहत बसली होती. गुरू वृद्ध वैद्य होते आणि ही त्यांच्याकडे अकरा वर्षे वैद्यक शिकलेली. ग्रंथ मुखोद्गत, वाणी स्वच्छ, बुद्धी तल्लख. खोट काढायचीच तर एवढी, की उत्तर ठाऊक असलं की ते तिच्या पोटात राहत नसे.

आठवड्यापूर्वी विणकराची सून तिच्याकडे आली होती. बाळंत होऊन तीन महिने झालेले, चेहरा पांढराफटक, भूक लागत नाही म्हणत होती. ती दोन शब्द बोलते न बोलते तोच शिष्येने अरुचीचे पाचही प्रकार श्लोकांसकट ऐकवले, टक लावून एकेक लक्षण विचारलं आणि चूर्ण बांधून दिलं. सून मान खाली घालून गेली ती पुन्हा आलीच नाही. आज सकाळी सासू सांगून गेली, की तिने आता अन्न जवळजवळ सोडलंच आहे. ही बाई आपल्या हातून जाणार, या भयाने तिने गुरूंना उपाय विचारला. गुरूंनी शांतपणे सांगितलं, की आधी परसात पाखरांसाठी पाणी ठेव, ती आंघोळ करून गेली की मग बोलू.

याचा अर्थ तिला लागेना. तरी गुरूंची आज्ञा म्हणून तिने तांब्याचं घंगाळ चिंचेने घासून लख्ख केलं, काठोकाठ भरलं, वर वाळ्याची जुडी सोडली आणि चार हातांवर बसून पाण्यावर डोळे लावले. वैशाखातली दुपार होती. ऊन परसभर पसरलेलं, शेवग्याची सावली पेंगुळलेली, आणि दूरच्या मागाची खटखट स्वप्नात ऐकू यावी तशी येत होती. डाळिंबीच्या झाडावर साळुंक्या आल्या, बुलबुलांची जोडी आली, एक दयाळ कुंपणावर उतरला. उन्हाने सगळ्यांच्या चोची उघड्या पडल्या होत्या, पण एकही पाखरू पाण्यापर्यंत येईना.

थोड्या वेळाने गुरू काठी टेकत आले. त्यांनी घंगाळ कलंडवलं आणि ते सुवासिक पाणी डाळिंबीच्या आळ्यात ओतून दिलं. मग फुटक्या माठाचं बूड शोधून आणलं, त्यात मूठभर खडे टाकले, वर बोटभर पाणी घातलं आणि ते डाळिंबीच्या खालच्या फांदीजवळ ठेवलं. शिष्येला म्हणाले, अंग वळवून बस आणि ही गुळवेल निवड. आपल्या मेहनतीची अशी वासलात लागलेली पाहून तिला रडू आलं, पण ती बसली.

किती वेळ गेला कोण जाणे. गुळवेल निवडता निवडता तिचं मनही त्या उन्हासारखं सुस्त, निवांत झालं. तेवढ्यात पाण्याचा बारीक आवाज झाला. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, बुलबुल एका खड्यावर उभा होता. त्याने पाणी चाखलं, इकडेतिकडे पाहिलं, पोट भिजवलं, आणि मग पंख असे फडफडवले, की थेंब हिच्या हातापर्यंत उडाले. न्हाऊन तो इतका जड झाला, की उडता येईना. कसाबसा खालच्या फांदीवर चढला आणि पिसं फुलवून तिथेच बसून राहिला.

गुरू हळू आवाजात म्हणाले, "पंख भिजले की पाखराला काही वेळ उडता येत नाही, मुली. तेवढ्यात मांजर आलं तर संपलं. म्हणून ते आधी पायाला तळ लागतो का ते बघतं, कोणी रोखून पाहत नाही ना ते बघतं, आणि मगच भिजतं. तुझ्या पाण्यात काही खोट नव्हती. पण मनातलं बोलणारं माणूसही असंच भिजतं. बोलून झाल्यावर त्यालाही थोडा वेळ कुठे जाता येत नाही."

शिष्या उठली आणि रिकाम्या हातांनी विणकराच्या घरी गेली. सून ओसरीवर रहाटापाशी कांड्या भरत बसली होती. हिने काही विचारलं नाही. शेजारी बसून सुताची एक लड सोडवायला घेतली आणि नजर सुतावरच ठेवली. लडीतल्या दोन गाठी सुटल्या. मग सून म्हणाली, की उन्हाने सूत फार तुटतं. मग म्हणाली, झोप लागत नाही. रहाट थांबला.

"ताई, बाळ रडलं तरी मला त्याच्याजवळ जावंसं वाटत नाही," ती म्हणाली. "जेवायला बसलं की वाटतं, असल्या आईने कशाला जेवायचं?"

या दुखण्याविषयी शिष्येला पुष्कळ ठाऊक होतं. सगळं जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं. सून हुंदके देऊन रडली. हिने लड सोडवायचं थांबवलं नाही, तिच्याकडे वळून पाहिलं नाही, आणि तिथून हललीही नाही.

रडणं ओसरल्यावर सुनेने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "यावर औषध असतं का?"

"असतं," शिष्या म्हणाली, आणि पुढे एक अक्षरही न बोलता तिच्याजवळ बसून राहिली.