आभाळातली चकली

सावरून बसा पाहू. हातात खाऊ असेल तर तो आधी संपवा, कारण गोष्टीत चकली येणार आहे आणि मग माझ्याकडे मागाल.

एका हिरव्या डोंगराखाली अबोली नावाची मुलगी तिच्या आबांजवळ राहायची. नाव अबोली, पण तोंडाची टकळी दिवसभर चालू! घर इवलंसं, भाकरी दोघांत एक. आबा लोकांच्या फुलमळ्यात राबायचे आणि उरल्या वेळात दुर्बीण करायचे. दोन वर्षं काच घासून घासून त्यांनी तिचा आरसा घडवला. त्यांना देवयानी बघायची होती, आभाळातली ती दूरची, गोल गोल वळशांची आकाशगंगा. लाडानं ते तिला चकली म्हणायचे. पण दुर्बीण तयार झाली आणि आबांचे डोळेच अधू झाले. नळीला डोळा लावला की नुसतं धुकं. आबा हसून म्हणायचे, राहिलं तर राहिलं. अबोलीला मात्र फार वाईट वाटायचं.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी ती शेवंतीच्या ताटव्यात मुसमुसत बसली होती. तोच एका पिवळ्याधमक फुलातून बोटाएवढी चिमुकली परी बाहेर आली. पंख मोरपंखी, झगा रुपेरी, पायांत दवाचे इवले इवले पैंजण. तिनं सांगितलं, एक इच्छा माग. पण स्वतःसाठी मागायचं नाही आणि बोललेला शब्द परत घ्यायचा नाही.

अबोलीनं विचारबिचार काही केला नाही. "माझ्या आबांना चकली दिसू दे," ती म्हणाली.

आणि बघते तर काय, तळहातावर काटेरी, खमंग, गरमागरम चकली! परी बिचारी फुलांत वाढलेली, तिला आबांचे लाडाचे शब्द कुठून ठाऊक असणार?

अबोलीला रडूच कोसळलं. इच्छा तर गेली. पोटात कावळे ओरडत होते, त्यात तो वास. तेवढ्यात तिला दिसलं, परी चकलीकडे टक लावून बघतेय. अबोलीनं डोळे पुसले. अर्धी चकली आबांसाठी ओच्यात ठेवली आणि अर्धी परीपुढे धरली.

परी कुरुम कुरुम खाऊ लागली. खाऊन झाल्यावर हळूच म्हणाली, "माझ्याकडे सगळे मागतात गं. मला कुणी काही दिलं नव्हतं. परीला देणाऱ्याला आणखी एक इच्छा मिळते. आता मात्र नीट नाव घे."

"आबांना देवयानी दिसू दे."

एकदाच दिसेल, असं सांगून परी झगमग झगमग करत लख्ख उजेड झाली, अंगणातल्या दुर्बिणीच्या नळीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

अंधार पडताच अबोलीनं हात धरून आबांना दुर्बिणीपाशी नेलं. आबांनी डोळा लावला. आणि ते नळीला चिकटूनच राहिले. अबोली म्हणाली, आता मी. "थांब गं, अजून जरासं," आबा म्हणाले. एरवी तोंडचा घास नातीला देणारे आबा, आज जागचे हलेनात. अबोली थंडीत कुडकुडत, पण मोठ्या खुशीत उभी राहिली.

शेवटी आबा बाजूला झाले. त्यांचे डोळे पुन्हा अंधुक झाले होते. अबोलीनं नळीला डोळा लावला, तर एक पुसटसा पांढरा ठिपका. मग आबा तिच्या मागे उभे राहून सांगू लागले, मधोमध सोनेरी उजेड कसा आहे, त्याच्याभोवती निळे वळसे कसे फिरत गेलेत, आणि कडेला चांदण्यांचा चुरा कसा सांडलाय. न बघता, एकही वळसा न चुकता आबा सांगत होते, आणि अबोलीला सगळं दिसत होतं.