यावोरेत्सच्या मनोऱ्याचा पीळ

कार्पेथियन डोंगरांच्या पलीकडच्या उतारावर, जिथे युक्रेनची जमीन हळूहळू हंगेरीच्या मैदानाकडे उतरते, तिथे यावोरेत्स नावाचे गाव आहे. पाहुणे आले की आधी टेकडीवरचा किल्ला बघतात. मग किल्ल्याच्या जुन्या मिठाच्या कोठारात मांडलेले संग्रहालय बघतात: मेंढपाळांच्या घंटा, तराफेवाल्यांचे लोखंडी आकडे, द्राक्षे पिळायचा भलामोठा लाकडी दाब. शेवटी सगळे खाली लाकडी चर्चपाशी येतात आणि माना वर करतात. चर्चचा मनोरा पिळलेला आहे. ओला कपडा पिळायला घ्यावा आणि मध्येच कुणी हाक मारली म्हणून तसाच सोडून द्यावा, तसा.

संग्रहालयाची राखणदार वासिलिना ही सत्तरी ओलांडलेली बाई. ती पाहुण्यांना मनोऱ्याजवळ लगेच जाऊ देत नाही. रस्त्याच्या या बाजूला एक सपाट दगड आहे, तिथे नेते.

"आधी बसा," ती म्हणते. "इथं बसूनच तो बघायचा असतो. हा जळक्याचा दगड."

त्या दिवशी तिच्याभोवती जवळच्या शहरात डॉक्टरकी शिकणारी आपल्याकडची काही मुले होती. जळका कोण, असे त्यांनी विचारले. तेव्हा वासिलिनाने सांगितले ते असे.

किल्ल्यात अजून सरदाराचे बिऱ्हाड होते, तेव्हाची ही गोष्ट आहे म्हणे. गावात फेदोर नावाचा सुतार होता. खोऱ्यातल्या निम्म्या घरांवर त्याने घातलेली छपरे होती. गावाने नवे चर्च बांधायचे ठरवले, तेव्हा काम आपलेच हे त्याने इतके गृहीत धरले, की पंचांनी विचारायच्या आधीच तो रानात जाऊन मनोऱ्याची मेढ निवडून आला. मेढ म्हणजे मनोऱ्याच्या पोटातला मधला खांब. वरचा शेंडा, घंटा, क्रूस, सगळे तिच्या जिवावर. त्यासाठी लागतो स्मेरेका, देवदाराच्या कुळातला तिकडचा उंच, सरळ वृक्ष. फेदोरने हिवाळ्यात झाड पाडले, साल सोलली आणि खोड परसात सुकायला ठेवले. येता-जाता तो त्याच्यावर हात फिरवी. गाभण गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

त्याच उन्हाळ्यात इल्को परत आला. गावातल्या एका विधवेचा हा मुलगा लहानपणीच मैदानात काम शिकायला गेला होता. तिकडच्या मोठ्या शहरांत त्याने ओकच्या लाकडात कमानी आणि घुमट उभे केले होते. त्याने पंचांपुढे जमिनीवर कोळशाने मनोरा काढून दाखवला. पंच बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले, आणि काम इल्कोला मिळाले.

"फेदोर, तू खालची छपरं कर," पंचांतला म्हातारा म्हणाला. "छपरं तुझ्यासारखी कुणी करत नाही."

"छपरं कुत्र्याच्या घरालाही असतात," फेदोर म्हणाला, आणि टोपी उचलून निघून गेला.

त्या दिवसापासून तो या दगडावर येऊन बसू लागला, असे सांगतात. समोर पाया भरला जात होता, ओंडके रचले जात होते, आणि तो नुसता बघत होता. इल्कोने कुऱ्हाड कशी धरली, खाच किती खोल घेतली, कुठल्या माणसाला हसून हाक मारली, काही त्याच्या नजरेतून सुटत नसे. रस्त्याने जाणारे म्हणत, "इल्कोची कुऱ्हाड बोलते." फेदोर म्हणे, "मालकासारखी. कामापेक्षा जास्त." घरी आला तरी जेवण त्याच्या घशाखाली उतरत नसे. एकदा त्याची बायको हाफिया हिने कामकऱ्यांसाठी घेवड्याच्या कढणाची हंडी पाठवली, तर त्याने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.

"तिकडं बघतही नाही म्हणता," हाफिया म्हणाली, "मग मान एकाच बाजूला कशी आखडली?"

एके दिवशी इल्कोची मेढ नदीतून वाहत आली. तराफेवाल्यांनी ती काठावर ओढून ठेवली. इल्को त्या दिवशी खिळे आणायला किल्ल्यावरच्या लोहाराकडे गेला होता. संध्याकाळचे तिरपे ऊन नुकत्याच सोललेल्या खोडावर पडले होते, आणि फेदोर जवळून जाता जाता थांबला.

लाकडाचे तंतू सरळ वर जात नव्हते. खोडाला वेढा घालत, अगदी हलके, डावीकडे वळत वर चढत होते.

डोंगरातल्या सुताराला हे पाळण्यात कळते. उजव्या पिळाचा स्मेरेका सुकला की शांत होतो. डाव्या पिळाचा शांत होत नाही. तो वर्षानुवर्षे वळत राहतो, आणि त्याला जे जोडले असेल तेही आपल्याबरोबर ओढत नेतो. त्याची फार तर कुंपणे करतात. पण मैदानात ओकवर हात बसवलेल्या इल्कोला ते कुणी शिकवले नव्हते, आणि उभ्या झाडाची साल पीळ दाखवत नाही. सकाळी कामकरी खोड वाकसाने तासून चौकोनी करणार होते. मग कुणालाच काही दिसले नसते.

फेदोर उभा राहिला. एक शब्द पुरे होता. 'मला विचारलं का कुणी?' असे तो स्वतःशी म्हणाला, आणि घरी गेला. त्या रात्री तो, म्हणे, कितीतरी दिवसांनी गाढ झोपला.

मनोरा उभा राहिला. इतका देखणा मनोरा खोऱ्यात कुणी बघितला नव्हता. फेदोरचे घर चर्चच्या उत्तरेला होते, त्यामुळे त्याच्या खिडकीतून क्रूसाची फक्त कड दिसे.

"सगळे क्रूस क्रूस करतात," तो हाफियाला म्हणे. "मला तर नुसती काठी दिसते." एवढेच एक समाधान त्याच्यापाशी उरले होते. आणि दुसरे, जे तो कुणाला सांगत नव्हता.

काही हिवाळे गेले. एका सकाळी खिडकीतून बघताना त्याला काठीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी किंचित फुटल्यासारखे दिसले. पुढच्या वर्षी ते वाढले. क्रूस आपले हात हळूहळू त्याच्या खिडकीच्या दिशेने उघडत होता. मनोरा वळू लागला होता.

फेदोर वाट बघत राहिला. आता गाव ओरडेल, आता इल्कोला धरतील. गाव जमले खरे, पण माना वर करून लोक म्हणाले, "बघा, सूर्यफुलासारखा वळतोय. पोराने लाकडात जीव घातलाय." शेजारच्या गावांतून माणसे बघायला येऊ लागली. सरदाराची बायको घोडागाडीतून उतरली आणि तिने इल्कोला रेशमी रुमाल दिला. इल्कोही आधी गोंधळला, मग हसला, मग त्याला स्वतःलाच ते खरे वाटू लागले. ज्या खोटीवर फेदोरने इतकी वर्षे आशा ठेवली होती, तिचाच हार होऊन इल्कोच्या गळ्यात पडला.

त्या रागात तो दगडावर बसला होता, तेव्हा डोंगरावरून वारा सुटला आणि त्याला मनोऱ्याचा आवाज ऐकू आला. बाकीच्यांना तो लाकडाचा नेहमीचा आवाज वाटला असता. फेदोरला कळले, की सांधे सुटत चालले आहेत. मेढ वळते आहे, आणि भिंतींचे ओंडके तिच्याबरोबर वळू शकत नाहीत.

ईस्टर जवळ आला होता. त्या सणाला तिकडे घंटा कुणीही वाजवावी अशी चाल आहे. बायका, म्हातारे, पोरे, सगळे गाव मनोऱ्यात चढते.

"यंदा मी अगदी वर जाणार," हाफिया पीठ मळता मळता म्हणाली. "तिथून आपलं घर कसं दिसतं बघते."

"तू जाऊ नकोस."

"का? मनोरा त्याचा आहे म्हणून?"

 फेदोरने दुसरे कोणतेही कारण सांगितले असते, तरी तिने विश्वास ठेवला नसता.

तो इल्कोकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मेढ डाव्या पिळाची आहे. सांधे उघडलेत. कुणाला वर जाऊ देऊ नकोस."

इल्कोने त्याला बसायला सांगितले, पुढे भाकरी ठेवली, आणि मऊ आवाजात म्हणाला, "काका, मनोरा तुमचा असता तर तो तुम्हाला सरळ दिसला असता."

मग फेदोर पंचांकडे गेला. पंचांतला म्हातारा तर हसलाच. "फेदोर, तुला त्याच्या ताटातली भाकरीसुद्धा वाकडी दिसते. घरी जा."

फेदोर खरे बोलत होता, पण त्याच्या जळण्याने त्याच्या खऱ्या शब्दाची किंमत केव्हाच खाऊन टाकली होती.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी तिकडे लोक वाळुंजाच्या डहाळ्या हातात घेऊन चर्चला येतात. प्रार्थना संपून सगळे अंगणात आले, तेव्हा फेदोर दारातल्या पायरीवर चढला. अंगणात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणाले, "आला जळका."

"हो," फेदोर म्हणाला. "जळतो मी. मेढ नदीवर आली त्या दिवसापासून मला ठाऊक आहे की ती डाव्या पिळाची आहे, आणि मी बोललो नाही. माझी इच्छाच होती, की हा वाकावा. तुम्ही सगळ्यांनी हा मनोरा प्रेमाने बघितला. म्हणून तुम्हाला काही दिसलं नाही. मी रोज त्या दगडावर बसून याच्यात खोट शोधलीय. एक एक ओंडका बघितलाय. तुमच्यात माझ्याइतकं वाईट नजरेनं कुणी बघितलं असेल, तर त्यानं पुढं यावं आणि सांगावं की मनोरा धड आहे. मी घरी जाईन."

अंगणात कुणी हलले नाही. हाफियाने मान खाली घातली. मग इल्को गर्दीतून पुढे आला आणि कमरेची किल्ली काढून म्हणाला, "दाखवा, काका."

दोघे वर चढले. घंटेच्या खाली, अंधारात, फेदोरने इल्कोचा हात धरला आणि एका सांध्यावर ठेवला. जिथे इल्कोने कधीकाळी चाकूचे पातेही जाणार नाही अशी खाच बसवली होती, तिथे त्याची चारही बोटे आत गेली.  बोटे बाहेर काढून तो म्हणाला, "उतरवून टाकू."

"उतरवायला घेतला, तर हातात येईल. आतून दुसरी मेढ उभी करायची. उजव्या पिळाची, चांगली सुकलेली. दोघींना खुंट्यांनी एकमेकींशी जखडायचं. एक ओढेल, दुसरी धरेल."

"सुकलेली मेढ आता कुठून आणू?"

 फेदोर खाली उतरला, घरी गेला, आणि परसातल्या त्या खोडावरचे पेंढे बाजूला केले. इतकी वर्षे त्याने ते कुणाला दिले नव्हते, की चिरलेही नव्हते. गावातल्या पुरुषांनी ते खांद्यावर घेतले. मनोऱ्याचा तळ उघडून त्यांनी ते आत उभे केले. खुंट्या फेदोरने स्वतः ठोकल्या. कोण कुणाला काय म्हणाले, ते कुणाला आठवत नाही. काम मात्र ईस्टरच्या आधी पुरे झाले.

सणाच्या दिवशी सगळे गाव पाळीपाळीने वर चढले. फेदोर चढला नाही. तो या दगडावर बसून, घंटेच्या नादात तो जुना आवाज येतो का, ते कान देऊन ऐकत होता. आवाज आला नाही. वरून हाफियाने हाक मारली, "अहो, आपलं छप्पर या बाजूनं गळायला आलंय." खाली उभी माणसे हसली. फेदोरही थोडा हसला म्हणे.

मनोरा जिथवर वळला होता, तिथेच थांबला.

इथे एका मुलीने मध्येच विचारले, "मग त्याचं जळणं गेलं का?"

"छे," वासिलिना म्हणाली. "लोक अजूनही मनोरा इल्कोचाच म्हणत. आतली मेढ कुणाला दिसते? म्हातारपणीही तो इथं बसून म्हणायचा, शेंडा जरा जाडच झालाय."

"आमच्याकडे म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही," मुलगी म्हणाली, आणि एकाने ते वासिलिनाला समजावून सांगितले.

वासिलिना हसली. "म्हणजे तुमच्याकडेही फेदोर होता."

पुढे इल्कोने स्वतःचे घर बांधायला काढले. छप्पर बंद करायच्या आधी तो या दगडापाशी आला आणि म्हणाला, "काका, येऊन बघा. तुमच्याइतक्या वाईट नजरेनं मला कुणी बघत नाही." फेदोर गेला. दिवसभर घरात फिरला, प्रत्येक सांध्याला नख लावून बघितले, आणि संध्याकाळी एक तुळई बदलायला सांगितली. इल्कोने ती बदलली, त्याला प्लमची दारू पाजली, आणि हाताला धरून घरी पोचवले.

आजही यावोरेत्समध्ये कुणी घर बांधले, की छप्पर बंद करायच्या आधी आपल्यावर सगळ्यात जास्त जळणाऱ्या माणसाला मानाने बोलावतात. त्याच्यापुढे भाकरी आणि मीठ ठेवतात आणि विचारतात, "बघ, काय खुपतंय?" तो जे सांगेल, ते ऐकून घ्यावे लागते. ज्याला बोलवायला असा माणूसच सापडत नाही, त्याची गाव कीव करते. कुणी जळावे असे त्या घरात काहीच नसणार.

आजही संग्रहालयात त्या दोघांच्या कुऱ्हाडी एकाच खुंटीवर टांगलेल्या आहेत, आणि फेदोरच्या परसातून वर बघितले तर काठी नाही, हात पसरलेला क्रूस दिसतो. आणि आजही दर ईस्टरच्या आधी गावातला एक सुतार मनोऱ्यात चढून त्या जुन्या सांध्यात चाकूचे पाते घालून बघतो. त्यासाठी मुद्दाम तोच सुतार निवडतात, ज्याला त्या वर्षी चर्चच्या दुरुस्तीचे काम मिळालेले नसते. पाते आत जात नाही. तो खाली येतो आणि तसे सांगतो. आणि सांगताना त्याला, म्हणे, थोडे वाईटच वाटते.