उतारावरची शाळा

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. जिने मला सांगितली, तिने "तुझ्यापाशीच ठेव" असं बजावलं होतं. पण ती घडली त्याला इतका काळ लोटला आहे, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तेव्हा सांगायला हरकत नसावी.

त्या राज्यात एका टेकडीच्या माथ्यावर पळायला शिकवणारी शाळा होती. राजाची पत्रं गावोगाव पळत नेणारे जासूद तिथे तयार होत. शिकवणाऱ्या वस्तादांचा आवाज मोठा आणि मिशा त्याहून मोठ्या. रोज सकाळी ते पायथ्याच्या वडाखाली उभे राहत, भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडत आणि ढोलावर टिपरी मारत. माथ्यावरून पोरं सुटत आणि वाटी बुडायच्या आत वडाला हात लावत.

"दुसऱ्या राज्यातल्या पोरांना दोन वाट्या लागतात," वस्ताद म्हणत. "आपली पोरं म्हणजे वारा!"

पळून झालं, की हा वारा बैलगाडीत बसून वर परत येई.

गाडीत एकालाच जागा नसे. जो शेवटी येईल त्याने पायी चढायचं, ही शिक्षा. त्या वर्षी ती रोज एकाच मुलीच्या वाट्याला आली. तिला उताराची भीती वाटे, त्यामुळे तिचे पाय आपोआप आवरले जात. पोरं तिला 'शेपूट' म्हणत.

"ए शेपूट, वर पोचलीस की हाक मार हं!" गाडीतून कुणीतरी ओरडे. "आम्ही तोवर जेवून झोपलेलो असू."

पहिल्या दिवशी ती चढताना सात वेळा थांबली. वर पोचली तेव्हा भाकरी गार झाली होती आणि कालवण संपलं होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र कालवणासाठी ती घाई करू लागली. शेजारून शेळ्या चढत, त्यांच्याकडे तिने नीट पाहिलं. शेळी माथ्याकडे बघत नाही. ती छोटी पावलं टाकते आणि तिरकी चढते. मुलगीही तशी चढू लागली. सात थांबे पाचावर आले, पुढे दोनावर. हिवाळा सरता सरता ती न थांबता पळत वर येऊ लागली आणि तिला गरम कालवण मिळू लागलं. हे वस्तादांच्या लक्षात आलं नाही. ते त्या वेळी जेवत असत.

वर्षाच्या शेवटी राजा परीक्षेला येई. त्या दिवशी जो शेवटचा, त्याचं नाव शाळेतून कमी होई. मुलीने आदल्या संध्याकाळीच आपलं गाठोडं बांधून ठेवलं. घरी आईला काय सांगायचं, तेवढं मात्र तिला सुचत नव्हतं.

राजाची पालखी माथ्यावर आली. राजा गुडघा धरूनच उतरला.

"वस्ताद, हा गुडघा आज काही ऐकत नाही. मी इथेच बसतो. पोरांना खालून वर पळू द्या."

"महाराज, आपली शर्यत वरून खाली असते."

"का? माझी पत्रं काय फक्त खालच्याच गावांना जातात?"

वस्तादांनी ढोल आणि वाटी माथ्यावर आणवली. पोरं पायथ्याशी गेली. ढोल वाजला.

वारा पहिल्या वळणापर्यंत छान वाहिला. दुसऱ्या वळणावर एकाने बरगडी धरली, दोघे दगडावर टेकले आणि सगळ्यांत वेगवान म्हणून गाजलेला पोरगा म्हणाला, "गाडी कुठाय रे?"

मुलगी मागेच होती. छोटी पावलं टाकत ती एकेकाच्या शेजारून पुढे गेली. तिसरी वाटी बुडत होती तेव्हा माथ्यावर ती एकटीच पोचली आणि सवयीने तिने आधी चुलीकडे पाहिलं.

राजा हसला. "हिला कुणी शिकवलं, वस्ताद?"

'मी' म्हणणं सोपं होतं. वस्तादांचा हात मिशीकडे गेला आणि मध्येच खाली आला.

"महाराज, हिला मी काहीच शिकवलं नाही. हिला नुसती शिक्षा केली. शिकवलं ते बाकीच्यांना."

त्या दिवशी कुणाचंच नाव कमी झालं नाही. बैल मात्र दुसऱ्याच दिवशी नांगराला गेले. त्यानंतर सगळी शाळा रोज पायी चढू लागली, वस्तादांसकट. उतारावर ती मुलगी पुढेही शेवटीच येई. पण आता तिला चिडवायला चढावर कुणापाशी दम उरत नसे.

मोठी झाल्यावर तिने कुठवर पत्रं नेली, तेही सांगणार होते. एकदा तर ती भर पावसाळ्यात घाटापलीकडे—

आले, आत्या, आले!

हाक आली, जायला हवं. बोध तेवढा सांगून जाते: उतारावर मिळालेला वेग उताराचाच असतो, चढ चढून कमावलेला तेवढा आपला.