तीन गावच्या चकत्या

“मूळ कंपनीचाच पार्ट हवा, हे तुला कोणी सांगितले?”

“अनुभवाने.”

“कोणाच्या?”

हेरंबने नजर कोपऱ्याकडे वळवली.

इलाही शिकलगार यांनी अजून मान वर केली नव्हती. त्यांच्यापुढे एका पंख्याची मोटर उघडी पडली होती आणि ते तिच्यातली धूळ कुंचल्याने हलकेच झाडत होते. मिरजेत विजेच्या यंत्रांची दुरुस्ती करणारे लहानथोर सगळेच त्यांना उस्ताद म्हणत. हेरंब कुलथे याने त्यांच्या हाताखाली सात वर्षे काढली होती. पुढे त्याने स्टेशन रस्त्यावर स्वतःचे दुकान थाटले, पाटीवर नावापुढे ‘तज्ज्ञ’ असे रंगवून घेतले, आणि त्यानंतरच्या चार वर्षांत तो उस्तादांच्या दुकानाच्या या पायऱ्या एकदाही चढला नव्हता.

आज चढला होता, तो काही शिकण्यासाठी नव्हे. कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीसाठी. उस्तादांनी चाळीस वर्षांत एकही सुटा भाग टाकून दिलेला नाही, हे त्याला ठाऊक होते.

“सिस्टर साळव्यांचे यंत्र आहे,” तो म्हणाला. “भिंतीतल्या कपाटात बसवलेले. वर मायक्रोवेव्ह, खाली ओव्हन, दोन्हींची बटणे एकाच पट्टीवर. ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केले. वीस मिनिटे चालते, मग दोन्ही कप्पे एकदम मुके होतात. गार झाले की पुन्हा चालू. दोष मी शोधून काढला आहे… चकती.”

ती चकती रुपयाच्या नाण्याएवढी असते. यंत्र मर्यादेबाहेर तापले की वीज तोडायची, एवढेच तिचे काम.

“बदललीस?”

“तीनदा. मूळची काढून पुण्याची लावली, पुण्याची काढून मुंबईची, मुंबईची काढून दिल्लीची मागवली. हल्ली सगळा माल नकली येतो, उस्ताद.”

“पुण्याची कितव्या मिनिटाला तुटली?”

“विसाव्या.”

“मुंबईची?”

“विसाव्या… एकविसाव्या असेल.”

“आणि दिल्लीची?”

“विसाव्याच.”

कुंचला थांबला.

“तीन गावच्या तीन चकत्या,” उस्ताद स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “एकमेकींना कधी न भेटलेल्या…”

हेरंबने वाट पाहिली. वाक्य पुरे झाले नाही.

“तुमच्या पेटीत असेल, तर तेवढी द्या,” तो म्हणाला. “उद्या दुपारी सिस्टरचा मुलगा येतो आहे.”

उस्तादांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

“जुम्म्याची नमाज आटोपू दे. मग जाऊ.”

“कुठे?”

“पार्ट आणायला.”

*

एस्तेर साळवे मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षे परिचारिका होत्या. निवृत्तीलाही बरीच वर्षे लोटली, तरी गाव त्यांना सिस्टरच म्हणे. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांचा डावा हात गेला. त्यानंतर एकदा गॅसपाशी पदराने पेट घेतला. तो त्यांनी एकट्याने, एका हाताने विझवला.

मुलगा रूबेन बेंगळुरूहून धावत आला. त्याने स्वयंपाकघरातल्या शेगडीला कुलूप घातले आणि हे यंत्र छातीच्या उंचीवर भिंतीत बसवून घेतले. जाताना तो म्हणाला होता, “आई, हे चालते आहे तोवर तू इथे राहा. ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी माझ्याबरोबर चलायचे.”

सिस्टरनी ती अट मान्य केली होती. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरपासून त्या या घरात राहत होत्या.

दार त्यांनीच उघडले.

“या, उस्ताद! शिष्याच्या मागोमाग गुरूही आले, म्हणजे रोगी फारच अत्यवस्थ दिसतो.”

“रोगी काय बोलतो, ते ऐकायला आलो.”

“आता बोलतो की! काल हेरंबने काय जादू केली कोण जाणे. सकाळी रूबेनसाठी नानकटाई भाजली. दीड तास. एकदाही थांबले नाही.”

उस्ताद सावकाश हेरंबकडे वळले.

हेरंबने नजर फरशीवर ठेवली.

“काय केलेस?”

“…डायरेक्ट.”

हा शब्द या धंद्यात सर्रास चालतो. राखण करणारा भाग मधून काढून टाकायचा आणि दोन तारा एकमेकींना थेट जोडून द्यायच्या. यंत्र चालू, गिऱ्हाईक खूश. उस्तादांच्या दुकानात मात्र या शब्दाला थारा नव्हता. बारा वर्षे काम केलेल्या एका जुन्या कारागिराला त्यांनी याच शब्दापायी घरी पाठवले होते, आणि त्या दिवशी हेरंब तिथेच उभा होता.

“पार्ट मिळेपर्यंतच,” तो घाईने म्हणाला. “उद्या यंत्र बंद दिसले, तर रूबेन यांना घेऊन जाईल. माझ्यापुढे दुसरा मार्ग…”

“डायरेक्ट म्हणजे काय रे?” सिस्टरनी विचारले.



उस्ताद स्वयंपाकघरात गेले. यंत्राच्या बटणांना त्यांनी हात लावला नाही, की दारही उघडून पाहिले नाही. त्यांनी आपला तळवा बाजूच्या लाकडी फळीवर टेकवला आणि तसाच ठेवला. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

बऱ्याच वेळाने त्यांनी हेरंबचे मनगट धरले आणि त्याचाही तळवा तिथे टेकवला.

नानकटाई भाजून पाच तास झाले होते. फळी अजून ऊन होती.

“सिस्टर, याच्या वरच्या खणात काय ठेवता?”

“साखर, रवा. का हो? त्या साखरेच्या डब्याचे प्लास्टिकचे झाकण कसे वाकडे झाले आहे, बसतच नाही. मला वाटले, एका हाताने लावते म्हणून माझ्याच्याने नीट लागत नसेल.”

“हे यंत्र पहिल्यांदा कधी थांबले?”

सिस्टरनी आठवून पाहिले.

“नाताळचा केक तर छान झाला होता. ईस्टरलाही काही नाही. त्यानंतर ती झुरळे झाली… हो, झुरळांच्या नंतरच.”

“झुरळे कुठून यायची?”

“वर दोन बोटांची फट होती ना, तिथून. आणि खाली जाळी होती. मला काही वाकून झाडता येत नाही. हेरंब तेव्हा आतला दिवा बदलायला आला होता. मी एका शब्दाने सांगितले नव्हते, तरी याने आपणहून वर पट्टी ठोकली, जाळीवर फळी मारली, आणि सगळीकडून पांढरे सिलिकॉन भरून दिले. पाहा तरी, दोरा शिरणार नाही असे काम! मी सगळ्यांना दाखवते.”

त्या हौसेने पट्टीवरून बोट फिरवू लागल्या.

हेरंबला ते काम चांगले आठवत होते. सिलिकॉनची ती सरळ रेघ त्याने ओल्या बोटाने ओढली होती, आणि दोन पावले मागे सरून तिच्याकडे मान तिरकी करून पाहिलेही होते. घरी जेवताना बायकोलाही त्याने तिचे वर्णन ऐकवले होते.

यंत्रातला पंखा वरून वारा ओढतो आणि खालून सोडतो. हे तो उस्तादांच्याच हाताखाली, पहिल्या वर्षी शिकला होता.



उस्तादांनी पिशवीतून एक आखूड सुरी काढली. पाते स्वतःकडे आणि मूठ हेरंबकडे करून ती पुढे धरली.

“घे.”

“उस्ताद, मी…”

“पार्ट आणायला आलो आहोत ना?”

हेरंबने सुरी घेतली. आपण ओढलेली रेघ तो आपल्याच हाताने कापत गेला. काम चोख झाले होते. कापायला फार वेळ लागला.

त्याने भिंतीतली पिन काढली आणि दोघांनी मिळून यंत्र कपाटाबाहेर ओढून टेबलावर घेतले. झाकण उघडल्यावर हेरंब दोन्ही हात आत घालू लागला, तोच उस्ताद खाकरले. त्यांचा स्वतःचा डावा हात पाठीमागे गेला होता. मायक्रोवेव्हची पिन काढली, तरी त्यातली वीज काही वेळ जिवंत राहते. एकाच हाताने काम केले, तर ती छातीतून आरपार जात नाही. उस्तादांचे सगळे शागीर्द असेच काम करायला शिकले होते. स्वतःचे दुकान थाटल्यावर हेरंबची ही सवय सुटली होती.

त्यानेही डावा हात पाठीमागे घेतला.

“घ्या!” सिस्टर हसल्या. “दोघेही माझ्याच पंगतीला येऊन बसलात.”

मग त्यांचे हसू थांबले. त्या पुढे आल्या आणि रिकाम्या कपाटापाशी उभ्या राहिल्या.

“हा वास कसला?”

कपाटाच्या मागच्या फळीवर, हाताच्या पंजाएवढा भाग काळा पडला होता. त्याच्या भोवतीचे प्लायवूड फुगून तडकले होते.

“मी जळितांच्या वॉर्डात नऊ वर्षे काढली आहेत,” सिस्टर म्हणाल्या. “मला सांगा, हा वास कसला?”

उस्ताद खिडकीबाहेर पाहू लागले.

हेरंबला वाटले, उस्ताद सांगतील. सांगण्याची त्यांची एक पद्धत होती. समोरच्याला फार लागू न देता ते खरे बोलत. तो वाट पाहत राहिला…

उस्ताद खिडकीबाहेरच पाहत होते.

“सिस्टर,” शेवटी हेरंब म्हणाला, “फट मी बुजवली. यंत्राला वारा लागेना, ते तापू लागले. तापले की चकती वीज तोडत होती. खरे तेच सांगत होती. मी तिला खोटी ठरवले. मग पुण्याचीला, मुंबईचीला, दिल्लीचीला. आणि काल… काल ती काढूनच टाकली. डायरेक्ट म्हणजे ते.”

सिस्टरनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलून पोटाशी धरला. तो सारखा खाली ओघळे, तेव्हा त्या असेच करीत.

“सकाळी दीड तास मी इथेच बसले होते,” त्या म्हणाल्या. “याच्यासमोर. खुर्ची घेऊन.”

“होय.”

“स्तोत्रे म्हणत होते.”

हेरंबने त्या खुर्चीकडे पाहिले.

“तू मला खाली वाकावे लागू नये म्हणून ती जाळी बुजवलीस ना?”

“तेव्हा तसेच वाटले होते. पण काम झाल्यावर मी तुमच्याकडे पाहिले नाही, सिस्टर. त्या रेघेकडेच पाहत राहिलो.”



“चालेल का हे आता?” सिस्टरनी विचारले. “उद्या बारा वाजता रूबेन येतो. मला खरे काय ते सांगा. उगीच धीर देऊ नका.”

“लावून पाहिल्याशिवाय मी काही म्हणणार नाही,” हेरंब म्हणाला.

उस्तादांनी एकदाच मान वळवली आणि पुन्हा खिडकीकडे पाहू लागले.

हेरंबने जळालेली फळी सगळीच उखडून बाहेर ठेवली. वरची पट्टी काढली, खालची जाळी उघडी केली, तिच्यातले केस नि पीठ ब्रशने झाडले. थेट जोडलेल्या तारा सोडवल्या. मग खिशातून एक लहानशी डबी काढली. तिच्यात मूळची चकती होती, निकामी म्हणून त्याने पहिल्याच दिवशी काढलेली. ती त्याने, एक हात पाठीमागे ठेवूनच, जागच्या जागी बसवली.

यंत्र कपाटात गेले. ओव्हनमध्ये पाण्याचे भांडे ठेवून हेरंबने बटण दाबले.

पंधरा मिनिटे झाली.

अठरा.

विसाव्या मिनिटाला सिस्टरनी डोळे मिटले. हेरंब मात्र डोळे मिटू शकला नाही.

एकविसावे मिनिट गेले. बाविसावे गेले. पंखा एकाच सुरात फिरत होता. उस्ताद खुर्चीवर बसून नानकटाई खात होते आणि प्रत्येक तुकड्यानंतर सदऱ्यावरचा भुगा वेचत होते.

चाळीस मिनिटांनी सिस्टर उठल्या. त्यांनी आपला चालता हात खालच्या जाळीसमोर धरला. कोमट वारा बोटांवर येत होता. रोग्याच्या नाकापुढे धरतात तसा तो हात त्यांनी तिथे बराच वेळ धरून ठेवला.

“चालतो आहे श्वास,” त्या म्हणाल्या.

तास पुरा झाला. हेरंबने बाजूच्या फळीला तळवा लावला. मग सिस्टरचा हात हळूच धरून तोही लावला. फळी गार होती.

“यंत्र चालेल, सिस्टर,” तो म्हणाला. “झुरळांसाठी मी दर महिन्याला येऊन जाळी झाडून देईन. फट मात्र उघडीच राहील. आणि उद्या बारा वाजता मी इथे असेन. काय झाले होते, ते रूबेनला मीच सांगतो.”

“तो ओरडेल.”

“ओरडू दे.”

“मला घेऊन जायचे म्हणेल.”

“मग त्यालाही या फळीला हात लावायला सांगू. तास-दोन तास बसून पाहू दे.”

सिस्टरनी त्याच्याकडे निरखून पाहिले. चौतीस वर्षे त्यांनी माणसांकडे असेच पाहिले होते; कोण तगेल आणि कोण नाही, हे डॉक्टरांच्या आधी ओळखण्यासाठी.

पण त्यांचा निश्चय होईना.

उस्ताद दारापाशी वाकून चपला पायांत सरकवत होते. सिस्टर त्यांच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेल्या. हेरंबला ऐकू जाईल अशाच आवाजात त्या म्हणाल्या,

“उस्ताद, मी एकटी राहते, आणि मला हात एकच आहे. तुम्ही मला भीड न ठेवता सांगा. हे पुन्हा बिघडले, तर या मुलाला बोलवू का?”

हेरंब स्वयंपाकघरात, उस्तादांना परत द्यायची सुरी हातात धरून, उभा राहिला.

उस्तादांनी दुसरी चप्पल चढवली. ते सरळ झाले.

“बोलवा की, सिस्टर… आजपासून.”