कावळ्यासमोर दिलेला शब्द

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक पुढारी होता. गोष्ट फार जुनी नाही, पण गावाचं नाव विचारू नका. एक नाव घेतलं तर आजूबाजूची पाच गावं म्हणतील, हा तर आमचाच माणूस.

पुढारी स्वभावाने वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण वाईट माणसाची गोष्ट ऐकायला सोपी असते. त्या वर्षी तो आमदारकीला उभा राहिला आणि बारसं, लग्न, वास्तुशांत काही सोडेना. पण सगळ्यांत जास्त माणसं जमतात ती नदीच्या घाटावर, दहाव्याला, आणि विधी उरकल्याशिवाय तिथून कोणी उठत नाही. त्यामुळे पुढारी एकही दहावा चुकवत नसे. पांढरे कपडे घालून, चेहरा पाडून पुढच्या रांगेत बसायचं आणि शेवटी श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायचे. त्या दोनांचे दोनशे व्हायचे, आणि बिचारे लोक उन्हात बसून ऐकायचे.

गावाच्या ओढ्यापलीकडे एक वाडी होती. मार्गशीर्षात तिथली म्हातारी सुईण वारली. तिच्या हातावर जन्मलेली माणसं आता स्वतःच आजोबा झाली होती. दहाव्याला सगळी आली. मुलाने डोकं भादरून घेतलं, भाताचा पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघू लागले. कावळा पिंडाला शिवला की गेलेला जीव सुटला. नाही शिवला, तर काही इच्छा मागे राहिली असं समजायचं आणि कोणीतरी पुढे होऊन ती पुरी करायचा शब्द द्यायचा, अशी तिथली रीत होती.

कावळे समोरच्या चिंचेवर बसून होते. खाली एकही येईना.

"आई, धाकटीचं माहेरपण मी तोडणार न्हाई," मुलगा म्हणाला.

कावळे बसलेलेच.

"तुझी म्हस इकणार न्हाई."

तरी काही नाही. ऊन चढलं. बायकांत कुजबूज सुरू झाली. मग वाडीतली एक म्हातारी म्हणाली, "आरं, तिला साकवाचा ध्यास व्हता. दुसरं काय असणार?"

साकव म्हणजे पायी जाण्यापुरता लहानसा पूल. खूप वर्षांपूर्वी ओढ्याला पूर आला असताना पलीकडे वाडीत एक बाई बाळंतपणात अडली होती आणि सुईण अलीकडे गावाच्या काठावर उभी होती. पाणी उतरेपर्यंत ती बाई गेली. तेव्हापासून सुईण भेटेल त्याला सांगायची, ओढ्यावर साकव घाला रे. मुलाने मान खाली घातली. "मी गरीब मानूस, साकव कुठनं घालू?"

तेव्हा पुढारी उठला. हे काही ठरवून आलेला नव्हता तो. त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. पिंडासमोर हात जोडून तो म्हणाला, "मावशी, मी निवडून आलो तर पुढच्या पावसाच्या आत ओढ्यावर साकव बांधीन. हा माझा शब्द."

आणि कावळा उतरला.

भूक लागली असेल, नाहीतर माणसं थोडी मागे हटली म्हणून उतरला असेल. पण तसा विचार घाटावर कोणाच्याच मनात आला नाही. लोकांच्या अंगावर काटा आला. "कावळ्यानं साक्ष दिली!" म्हणत जो तो घरी गेला आणि ही बातमी चार दिवसांत सगळ्या मतदारसंघात पोचली. इतर उमेदवारांनी जाहीरनामे छापले, गाड्या फिरवल्या, घसा फोडून भाषणं केली. कावळ्यापुढे कोणाचं काही चाललं नाही. पुढारी आमदार झाला. वाडीतलं एकूण एक मत त्यालाच पडलं.

फाल्गुनात कामांची यादी करायची वेळ आली. आमदाराचा जवळचा कार्यकर्ता कागद घेऊन आला. "साहेब, गावासाठी यंदा एकच काम बसतंय. साकव घ्यायचा की बाजारपेठेची स्वागतकमान?"

"साकव. शब्द दिलाय मी."

"कोणाला? ती बाई तर गेली. ती काय विचारायला येणार आहे? वाडीची मतं शे-दीडशे, बाजारपेठेची चार हजार."

आमदाराने कागद हातात घेऊन दोन्ही कामांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "असं कर, कमान घे. साकव पुढच्या वर्षी. एका वर्षाने काय बिघडतंय?"

वैशाखात सुईणीचा मुलगा त्याच्या दारात आला. पायातल्या चपला बाहेर काढून आत जरा अवघडूनच उभा राहिला.

"सायेब, पावसाच्या आत हुईल न्हवं? घरात दिस गेल्यात. सरावनात बाळंत हुईल."

"अरे, मग पावसाआधी माहेरी पाठव तिला."

"तिचं माहेर बी वाडीतच हाय, सायेब. भाऊ हाय तिचा, शेजारीच."

आमदाराने त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "काळजी करू नकोस." हे तो इतक्या मायेने म्हणाला की मुलगा खरंच काळजी न करता घरी गेला.

श्रावणात ओढा भरून वाहत होता आणि भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. वाडीत आता सुईण नव्हती. नवरा, भाऊ आणि आणखी दोघांनी तिला बाजेवर निजवून ओढ्यापर्यंत आणलं. पलीकडे रस्ता दिसत होता, रस्त्यावर उभी केलेली जीप दिसत होती. पाणी उतरेल म्हणून ते थांबले. ती आधी ओरडत होती, मग नुसती कण्हत होती, मग तेही थांबलं. बाळ वाचलं. मुलगी झाली होती.

तिच्या दहाव्याला आमदार आला, पण पुढच्या रांगेत बसायची त्याची छाती झाली नाही. नवऱ्याने पिंड ठेवला. कावळे आले, फांदीवर बसले आणि बसूनच राहिले.

विधी सांगणारे गुरुजी म्हणाले, "लेकराची काळजी असेल तिला. कोणीतरी शब्द द्या."

सगळ्यांनी भावाकडे बघितलं. बाळ त्याच्याच बायकोच्या मांडीवर होतं आणि भाचीला आपणच वाढवायचं हे त्याने कधीच ठरवलं होतं. तो उठला, हात जोडले, तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर मागे बसलेल्या आमदाराकडे गेली. त्याने जोडलेले हात सोडले. काही न बोलता तो खाली बसला.

आमदार कसाबसा उभा राहिला. "मी सांगतो, मी..."

"नगं सायेब," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुमी बसा."

घाटावर शे-दोनशे माणसं होती. एरवी अशा वेळी पाच जण पुढे होतात, कोणी म्हणतं लेकरू माझं, कोणी म्हणतं त्याचं शिक्षण माझ्याकडे. त्या दिवशी कोणीच तोंड उघडलं नाही. बराच वेळ वाट बघून गुरुजींनी दर्भाच्या गवताचा कावळा केला, त्याची चोच पिंडाला टेकवली आणि माणसं खाली बघत घरी गेली.

पुढच्या वर्षी साकव झाला. चांगला मजबूत झाला. आमदाराचं नाव कोरलेली फरशीही बसली. मामाने भाचीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. आमदाराने दहाव्याला जाणं सोडलं, आणि तो का येत नाही हे त्याला कोणी विचारलं नाही.

पण त्या गावात आता कोणाचाही दहावा असो, पिंड ठेवला की लगेच दर्भाचा कावळा शिववतात. मरणाऱ्याच्या उशाशी बसलेला मुलगासुद्धा "मी बघीन" असं म्हणत नाही, नुसता हात हातात धरून बसतो. आणि मरणारा त्याच्याकडे बघत राहतो, हा काहीतरी बोलेल म्हणून.

तात्पर्य: एका मोठ्या माणसाने चारचौघांत मोडलेला शब्द साऱ्या गावाला मुकं करून जातो.