आईसाठी एक गाव

डोंगराच्या कुशीत बांबूचं एक हिरवंगार बन होतं आणि बनाच्या काठाला रुंजीचं खोपटं. एवढंसं, चिमणीच्या घरट्याएवढं! रुंजी आठ वर्षांची होती. वडील देवाघरी गेलेले. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई बांबूच्या पातळ-पातळ कामट्या काढायची आणि त्यांच्या टोपल्या, सुपं, इवल्या-इवल्या परड्या विणायची. तिच्या बोटांत कसब होतं, पण कानांनी मात्र तिची साथ सोडली होती. एका मोठ्या तापानंतर तिला ऐकूच येईनासं झालं. समोरचं माणूस सावकाश बोललं, तर ओठांवरून तिला सगळं कळे. पण बाजारातली माणसं घाईत असत. ती भराभर बोलत आणि आई "काय?" म्हणाली की हसून निघून जात.

त्या वर्षी बांबूला फुलोरा आला. पिवळ्या-सोनेरी तुऱ्यांनी सारं बन झगमगलं. पण आई कपाळाला हात लावून बसली. बांबूला फुलोरा येतो तो त्याच्या आयुष्यात एकदाच, आणि तो येऊन गेला की बांबू वाळून जातो. तसंच झालं. उन्हाळा लागेपर्यंत बन खडखडीत सुकलं.

"रुंजे, इथलं आपलं दाणापाणी संपलं," आई म्हणाली. "डोंगराच्या अलीकडे चांदणपेठ आहे, पलीकडे गलबलवाडी. दोन्हींकडे बांबू मिळतो. पण माणसं कशी असतील? एकदा बिऱ्हाड हलवलं की पुन्हा हलवायचं बळ माझ्यात नाही गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुंजी काटक्या गोळा करायला बनात गेली. वाळक्या बांबूंच्या गर्दीत तिला एक चिमुकला हिरवा कोंब दिसला. उन्हाने त्याची मान वाकली होती. रुंजीच्या गडूत घोट-दोन घोटच पाणी होतं आणि तिला तहानही लागली होती. तरी तिने ते सगळं त्या कोंबाला घातलं.

"पी रे बाळा," ती म्हणाली.

तोच कोंब थरथरला. त्याच्या टोकावर हिरवी ठिणगी चमकली, मग निळी, मग केशरी, आणि त्या रंगांतून करंगळीएवढी एक परी बाहेर आली. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे पातळ होते आणि झग्याला दवाचे टपोरे थेंब लावलेले होते.

"रुंजी, तीन इच्छा माग," परी मंजुळ आवाजात म्हणाली.

"माझ्या आईला ऐकू येऊ दे!" रुंजी एका दमात म्हणाली.

परीने हळूच मान हलवली. "ते माझ्या हाती नाही गं, राणी. माझ्या जादूचे नियम आहेत. कुणाचं शरीर मी बरं करू शकत नाही, कुणाचं मन बदलू शकत नाही. आणि मागितलेलं सगळं सूर्य मावळेपर्यंतच टिकतं. फक्त जे दुसऱ्या जिवासाठी मागशील, ते कायमचं राहतं."

रुंजी विचारात पडली. मग म्हणाली, "परीताई, आईसाठी कुठलं गाव चांगलं, ते सांगशील?"

"गाव म्हणजे का आंबा आहे, वास घेऊन सांगायला? ते तुझं तुलाच पाहावं लागेल."

"मग मला आजच्या आज दोन्ही गावांना जाता येऊ दे. आणि मला म्हातारीचं रूप दे. मी ऐकू न येणारी म्हातारी होऊन जाईन. तिसरी इच्छा मात्र राखून ठेवते. जे गाव आवडेल, तिथे आईसाठी घर मागायला."

परी हसली. रुंजीच्या पायांत दवाचे पैंजण छुमछुमले, केस कापसासारखे पांढरे झाले, हातात काठी आली. एक पाऊल टाकलं आणि ती थेट चांदणपेठेत!

काय देखणं गाव ते! गुलाबी भिंती, निळी दारं, चौकात कारंजं. रुंजी एका ओट्याशी थांबली. घरातल्या बाईने गोड हसून तिला पाणी दिलं, वर खडीसाखरही ठेवली.

"मला ऐकू येत नाही हो," रुंजी म्हणाली. "मी टोपल्या विणते. इथे राहायला जागा मिळेल का?"

"हो हो," बाई हसली आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, "बहिरी आहे बिचारी."

"कुठे मिळेल?"

"हो हो," बाई पुन्हा म्हणाली आणि शेजारणीशी लोणच्याच्या गप्पा मारू लागली.

रुंजी चौकात गेली, बाजारात गेली, देवळात गेली. सगळीकडे तिला बसायला दिलं, खायला दिलं. कुणी तिला वाईट बोललं नाही. पण तिच्याशी कुणी बोललंच नाही. दुपारपर्यंत तिला साधं नावसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. हातातला लाडू रुंजीने न खाताच खाली ठेवला. आईलाही रोज असंच होत असेल का?

मग पैंजण छुमछुमले आणि ती गलबलवाडीत पोचली. बाई गं, केवढा तो गलका! घरं मातकट, रस्ता वाकडातिकडा आणि विहिरीवर दोन बायकांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. एक होती उंच, खणखणीत आवाजाची ठकूमावशी आणि दुसरी तिची गोलमटोल शेजारीण यसूकाकी.

"माझा पोहरा तू वाकवलास!"

"तुझा पोहरा जन्मतःच वाकडा!"

रुंजी घाबरून मागे सरली आणि ठकूमावशीच्या घागरीला धडकली. घागर लवंडली.

"अगं म्हातारे, डोळे आहेत की बटणं?" ठकूमावशी कडाडली.

"काय? ऐकू येत नाही मला."

ठकूमावशीने पोहरा खाली ठेवला, रुंजीच्या अगदी समोर येऊन बसली आणि तोंड मोठ्ठं उघडून एकेक शब्द म्हणाली, "ला-ग-लं का कु-ठे?"

"तिला आधी नाव विचार!" यसूकाकी म्हणाली.

"मला शिकवू नकोस!" ठकूमावशी म्हणाली आणि तिने नाव विचारलं. कुठून आली, काय करते, जेवली का, तेही विचारलं. रुंजीला एखादी गोष्ट कळली नाहीसं दिसलं, की यसूकाकी मातीत बोटाने चित्र काढून दाखवी. त्यावरूनही दोघी भांडल्या. "ही काय भाकरी आहे? हा तर चंद्र झाला!" रुंजीला हसू आवरेना.

इतक्यात आरोळी आली, "ठकूमावशी, तुमचं वासरू तळ्यात रुतलं!"

सगळं गाव धावलं. तांबडं, गोजिरवाणं वासरू मानेपर्यंत चिखलात बुडालं होतं आणि हंबरत होतं. "दोर इकडून टाका!" "नाही, तिकडून!" भांडता-भांडताच सगळे एका दोराला लागले. यसूकाकी तर सर्वांत पुढे, कंबरभर गाळात उतरलेली. पण दोर तटकन तुटला. वासराचं नाक चिखलाला टेकलं. ठकूमावशीचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला. ती नुसती तुटका दोर धरून उभी होती.

सूर्य डोंगराला टेकत होता. रुंजीला आईचं घर आठवलं. मग तिने वासराचे भेदरलेले डोळे पाहिले आणि ओठ घट्ट मिटून मनात म्हणाली, "परीताई, त्याला वाचव."

गाळातून सोनेरी बुडबुडे उठले आणि वासरू फुलासारखं अलगद वर येऊन काठावर उभं राहिलं. त्याच क्षणी सूर्य मावळला. काठी गेली, पांढरे केस गेले. गावासमोर उभी होती एक अनवाणी, चिखलाने माखलेली मुलगी.

पळून जावं असं रुंजीला वाटलं. पण ती पळाली नाही. "मी सोंग केलं होतं," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "ऐकू मला येतं. माझ्या आईला येत नाही. तिच्यासाठी गाव पाहायला आले होते."

"म्हणजे आमची परीक्षा घेत होतीस?" ठकूमावशीने कमरेवर हात ठेवले. "आणि माझी घागर सांडलीस, तिचं काय?"

रुंजीने मान खाली घातली. ठकूमावशीने पदराने तिच्या गालावरचा चिखल पुसला. "माझ्या परसातली खोली रिकामी पडलीये. आत्ता तुला बैलगाडीने घरी सोडते आणि उद्या बिऱ्हाड आणायला येते. आईला सांग, चुलीची काळजी करू नको."

"चूल मी देणार!" यसूकाकी ओरडली.

दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड आलं. तिसऱ्या दिवशी रुंजी उठली, तर खोलीच्या खिडकीत परी बसली होती, पहाटेच्या तांबूस रंगांत न्हालेली.

"रुंजी, तीन इच्छांतली एकही तू स्वतःच्या सुखासाठी मागितली नाहीस," ती म्हणाली. "म्हणून ही भेट." तिने आईच्या कामट्यांवरून पंख फिरवले. कामट्यांवर सात रंग लखलखले: मोरपंखी, जांभळा, शेंदरी, पोपटी... "हे रंग कधी उतरणार नाहीत, कधी संपणारही नाहीत." मग खिडकीत उजेडाचं एक फूल उमललं. परी त्यात हसत-हसत विरघळली आणि कोवळं ऊन तेवढं मागे उरलं.

त्या रंगीत टोपल्या घ्यायला दूरदूरची माणसं येऊ लागली. घरात दोन्ही वेळा चूल पेटू लागली. आणि एका सकाळी ठकूमावशी पाय आपटत अंगणात आली. आईच्या अगदी समोर उभी राहून, एकेक शब्द सावकाश सुटा करून म्हणाली, "य-सू-च्या टो-प-ली-ला नि-ळा रंग जा-स्त का?"

आईने कामटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मोठ्ठ्या आवाजात भांडायला लागली.